एकोणिसाव्या मिनिटाची टाळी

खेळाडू मोठा की लहान, हे कोणी ठरवायचं? प्रेक्षक ठरवतात, पण त्यांचा भरवसा काय! आज खांद्यावर घेतील आणि पुढच्या आठवड्यात एक पेनल्टी हुकली की सात पिढ्यांचा उद्धार करतील. वर्तमानपत्रं ठरवतात, पण आम्हा लिहिणाऱ्यांची नजर बहुतेक वेळा गोल कोणी मारला तिथंच जाऊन थांबते. बाजार ठरवतो, पण त्याचं सारं गणित वयाशी आणि गुडघ्यांशी बांधलेलं. मग उरतं एकच न्यायासन, बरोबरीच्या खेळाडूंचं. तिथं वकील चालत नाही, जाहिरात चालत नाही आणि निकालही सहसा मोठ्यानं वाचून दाखवला जात नाही.

माझे वडील एस.टी.च्या डेपोत नोकरीला होते. ड्रायव्हर कसा आहे हे प्रवाशाला विचारू नये, त्याच्याबरोबर रातराणीवर गेलेल्या कंडक्टरला विचारावं, असं ते म्हणत. प्रवाशाला गाडी वेळेवर पोचली एवढंच कळतं. घाट उतरताना हात किती स्थिर होता, टायर फुटल्यावर पठ्ठ्यानं डोकं शांत ठेवलं की नाही, वाटेत बंद पडलेल्या दुसऱ्या गाडीतली माणसं आपल्या गाडीत घेतली की नाही, हे ठाऊक असतं ते कंडक्टरला. फुटबॉलचंही तसंच आहे. नव्वद मिनिटं ज्यांनी शेजारी घाम गाळला आणि ज्यांनी समोरून नडगीवर लाथा खाल्ल्या, त्यांना विचारावं.

आज ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे, त्याचं नाव आपल्याकडे फारसं कोणाच्या ओठांवर नाही. स्टिलियान पेट्रोव्ह, देश बल्गेरिया. फुटबॉलमधला सोन्याचा चेंडू त्याच्या कपाटात नाही. पण खेळाडूंच्या जगात त्याची जी पत आहे, ती पाहिली की कीर्ती आणि पत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मनोमन पटतं.

बल्गेरिया म्हटलं की आपल्यातल्या जुन्या दर्दींना १९९४ सालचा विश्वचषक आठवेल. अमेरिकेत सामने आणि इथं आपण टीव्हीपुढे रात्री जागतोय! १० जुलैला या छोट्याशा देशानं जगज्जेत्या जर्मनीला २-१ असं हरवलं. आधी ख्रिस्तो स्टॉइचकॉव्हची ती फ्री किक, आणि पाठोपाठ टक्कल पडलेल्या लेचकॉव्हनं सूर मारून डोक्यानं मारलेला गोल. बल्गेरिया त्या वेळी चौथा आला. सहा गोल करून स्टॉइचकॉव्हनं रशियाच्या सालेंकोबरोबर सर्वाधिक गोलांचा मान वाटून घेतला आणि त्याच वर्षी युरोपातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. वायव्य बल्गेरियातल्या मॉन्टाना नावाच्या गावातला एक मुलगा त्याच आठवड्यात पंधरा वर्षांचा झाला होता. त्याची जन्मतारीख ५ जुलै १९७९. तोच हा पेट्रोव्ह. देशातली सगळी पोरं स्टॉइचकॉव्ह व्हायची स्वप्नं पाहत असताना तो वाढला, आणि झाला मात्र अगदी वेगळ्या घडणीचा खेळाडू.

सोफियाच्या सीएसकेए या नामांकित क्लबात तो तयार झाला आणि १९९९ च्या उन्हाळ्यात, वयाच्या विसाव्या वर्षी, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या सेल्टिक क्लबानं त्याला विकत घेतलं. इथून त्याची खरी कहाणी सुरू होते. ग्लासगोचं इंग्रजी असं की लंडनचा माणूससुद्धा दोनदा कान टवकारतो. या पोराला तर साधं इंग्रजीही येत नव्हतं. त्यातून बल्गेरियात मान आडवी हलवली की होकार आणि उभी हलवली की नकार! म्हणजे तोंडाची भाषा परकी आणि मानेचीही. मैदानावर त्याची जागा मधल्या फळीत, पण त्याला उजव्या बाजूच्या बचावफळीतही खेळवण्यात आलं. ज्यांनी त्याला आणलं ते प्रशिक्षक जॉन बार्न्स हंगाम संपायच्या आतच पायउतार झाले. घरची आठवण येत होती, सामने वाईट जात होते. अशा वेळी बहुतेक पोरं सामान बांधतात.

पेट्रोव्हनं काय केलं असेल? ग्लासगोत एका मित्राची बर्गर विकायची गाडी होती. हा लाखो पौंडांना विकत घेतलेला खेळाडू त्या गाडीवर जाऊन उभा राहू लागला. गिऱ्हाईक काय मागतंय ते ऐकायचं, समजून घ्यायचं, उत्तर द्यायचं. त्यात चुका होणार, लोक हसणार आणि पुन्हा ऐकायचं. शिकवणी लावता आली असती, पण त्याला पुस्तकातलं इंग्रजी नको होतं. ज्या लोकांसमोर दर शनिवारी खेळायचं, त्यांचं इंग्रजी त्याला हवं होतं. मला या माणसाबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली ती ही हकिगत वाचून. परक्या गावात नोकरीला गेलेल्या कोणालाही तिचं मोल कळेल. साहेबाची भाषा सगळेच शिकतात, पण कोपऱ्यावरच्या टपरीची भाषा शिकतो तोच त्या गावाचा होतो. सेल्टिकच्या लोकांनीही त्याचं परकं नाव बाजूला ठेवून त्याला ‘स्टॅन’ म्हणायला सुरुवात केली.

२००० मध्ये मार्टिन ओनील हे नवे प्रशिक्षक आले आणि त्यांनी पेट्रोव्हला मधल्या फळीत मोकळं सोडलं. त्या हंगामात सेल्टिकनं लीग, स्कॉटिश कप आणि लीग कप अशी तिन्ही विजेतेपदं पटकावली. पेट्रोव्हच्या वाट्याला मात्र आनंदाबरोबर दुखणंही आलं. मार्च २००१ मध्ये सेंट जॉन्स्टनविरुद्धच्या सामन्यात त्याचा पाय मोडला आणि हंगाम तिथंच संपला. पण त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेनं त्याला सर्वोत्तम तरुण खेळाडू म्हणून निवडलं. हा मान मिळवणारा तो पहिलाच परदेशी.

हे बक्षीस कसं दिलं जातं, ते जरा समजून घ्यायला हवं. त्यात पत्रकारांचं मत नसतं, प्रेक्षकांचं नसतं. मत देतात ते खेळाडू, म्हणजे प्रतिस्पर्धी संघातलेच. ज्याच्या पायातून तुम्ही चेंडू हिसकावलात, ज्याला चकवून तुम्ही पुढे गेलात, ज्याच्याशी खांद्याला खांदा भिडवून भांडलात, तो चिठ्ठीवर तुमचं नाव लिहितो. वर्षभरापूर्वी ज्याला धड बोलता येत नव्हतं, असा विशीतला एक परका पोरगा त्यांनी निवडला. वडिलांच्या भाषेत सांगायचं तर कंडक्टर मंडळींनी एकमुखानं कौल दिला होता.

त्यांना काय दिसलं असेल? पेट्रोव्हचा खेळ डोळे दिपवणारा नव्हता. मधल्या फळीतल्या खेळाडूचं काम स्वयंपाकघरासारखं असतं. पंगतीत वाढणारा सगळ्यांना दिसतो, आतला माणूस दिसत नाही. पेट्रोव्ह सतत धावायचा, सहकारी अडचणीत सापडला की पास घ्यायला त्याच्याजवळ जाऊन उभा राहायचा, आणि आघाडीचे खेळाडू बचावपटूंना गुंतवून ठेवत असताना मागून उशिरानं, बरोबर वेळ साधून गोलपाशी हजर व्हायचा. सेल्टिककडून तो तीनशेहून अधिक सामने खेळला आणि साठाहून अधिक गोल केले. चार वेळा लीग जिंकली. २००३ मध्ये सेव्हिल इथं झालेल्या यूएफा कपच्या अंतिम सामन्यात सेल्टिक पोर्तुगालच्या पोर्तो संघाकडून जादा वेळेत ३-२ असा हरला. पेट्रोव्ह त्या संघातही होता. सेल्टिकचे पाठीराखे आजही त्या हरलेल्या सामन्याची आठवण जिंकल्याच्या थाटात काढतात.

आता कोणी म्हणेल, हा गरीब गाईसारखा सोसणारा माणूस असेल, म्हणून सगळ्यांना आवडत असेल. तसंही नाही. स्टॉइचकॉव्ह २००४ पासून बल्गेरियाच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते. म्हणजे बल्गेरियन फुटबॉलमधलं साक्षात दैवतच. २००६ मध्ये पेट्रोव्हचं त्यांच्याशी बिनसलं आणि त्यांच्या हाताखाली आपण देशासाठी खेळणार नाही, असं त्यानं जाहीरपणे सांगितलं. ज्या माणसाला पाहत आपण लहानाचे मोठे झालो त्यालाच असं सांगायला काळीज लागतं. पुढे २००७ मध्ये दोघांची बोलणी झाली, समेट झाला आणि पेट्रोव्ह परतला. बल्गेरियाकडून त्यानं शंभराहून अधिक सामने खेळले. स्टॉइचकॉव्हइतकी कीर्ती त्याला कधी मिळाली नाही. २०१७ मध्ये केरळ ब्लास्टर्सकडून खेळायला आपल्याकडे आलेल्या दिमितार बेर्बातोव्हइतकं नजाकतीचं वरदानही त्याच्या पायांना नव्हतं. पण संघ एकत्र बांधून ठेवायला जो चिवट धागा लागतो, तो त्याच्यापाशी होता.

२००६ मध्येच ओनील यांच्यामागोमाग तो इंग्लंडला, बर्मिंगहॅमच्या अॅस्टन व्हिला क्लबात गेला. किंमत पासष्ट लाख पौंड. पहिली दोन वर्षं पुन्हा कठीण गेली, लोक कुरकुरू लागले. एप्रिल २००८ मध्ये डर्बी काउंटीविरुद्ध त्यानं जवळजवळ मध्यरेषेपासून, चेंडू हवेत असतानाच लाथ मारून गोल केला. गोलरक्षक पुढे आला आहे हे क्षणात हेरलं, एवढंच. त्या गोलानंतर व्हिलाच्या प्रेक्षकांनीही त्याला आपलं म्हटलं. पुढे तो कर्णधार झाला. २०१० च्या लीग कपच्या अंतिम सामन्यात वेम्ब्लीवर व्हिलाचं नेतृत्व त्यानंच केलं, आणि तो सामना मँचेस्टर युनायटेडनं २-१ असा जिंकला. पाहा, या माणसाच्या खात्यात मोठे सामने आहेत, पण त्यातले कितीतरी हरलेले. म्हणूनच म्हणतो, त्याची पत चषकांवर उभी नाही.

२४ मार्च २०१२. लंडनमध्ये व्हिलाचा आर्सेनलशी सामना. व्हिला ३-० असा हरला. पेट्रोव्ह खेळला, पण त्यानंतर त्याला ताप आला. क्लबच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं. पुढच्या शुक्रवारी, ३० मार्चला, क्लबनं जाहीर केलं की आमच्या कर्णधाराला तीव्र स्वरूपाचा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला आहे. वय बत्तीस. घरी बायको आणि दोन लहान मुलगे.

या आजाराचं स्वरूप थोडक्यात सांगतो. आपल्या हाडांच्या पोकळीत अस्थिमज्जा असते, तोच रक्त तयार करणारा कारखाना. ल्युकेमियात या कारखान्यातून कच्च्या, निकामी पांढऱ्या पेशींचं अमाप उत्पादन सुरू होतं. त्यांच्या गर्दीत निरोगी पेशींना जागाच उरत नाही. मग तांबड्या पेशी घटतात आणि दम लागतो, थकवा येतो. संसर्गाशी झुंजणाऱ्या चांगल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या की ताप येतो. रक्त गोठवणाऱ्या पेशी घटल्या की लहानशा धक्क्यानं अंगावर काळेनिळे डाग उमटतात. आता विचार करा, फुटबॉलपटूला थकवा आला, मांडीवर डाग दिसला, तर त्याला शंका तरी कशी यावी? ते तर त्याच्या धंद्याचंच लेणं! म्हणून साध्या रक्ततपासणीचं महत्त्व. तीव्र प्रकारात आजार झपाट्यानं पसरतो, आणि निदानानंतर दिवस मोजायची वेळ येते. इलाज म्हणजे केमोथेरपी. ती वाईट पेशींबरोबर चांगल्याही मारते, म्हणून या काळात रुग्णाला गर्दीपासून, संसर्गापासून जपावं लागतं. ज्याचं सारं आयुष्य गर्दीसमोर गेलं, त्याला जवळपास एकांतवासच!

त्या महिन्यात इंग्लंडचं फुटबॉल आधीच हादरलेलं होतं. दोनच आठवड्यांपूर्वी, १७ मार्चला, बोल्टनचा तरुण खेळाडू फॅब्रिस मुआंबा लंडनमध्ये भर सामन्यात कोसळला होता. त्याचं हृदय ७८ मिनिटं स्वतःहून चालत नव्हतं, आणि तरी तो वाचला. रोज तपासलेली, तासलेली ही शरीरं आणि त्यांचीही ही गत. खेळाडूंच्या मनात काय चाललं असेल याची कल्पना करा. पेट्रोव्हची बातमी आली आणि दुसऱ्याच दिवशी व्हिलाला आपल्या मैदानावर चेल्सीशी खेळायचं होतं.

पेट्रोव्हच्या जर्सीचा क्रमांक १९. त्या दिवशी, ३१ मार्च २०१२ ला, घड्याळात एकोणिसावं मिनिट लागलं आणि व्हिला पार्कवरचे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. चेल्सीचे पाठीराखेही उभे राहिले. या क्षणाची चित्रफीत मी कितीदा तरी पाहिली आहे. मला त्यातली एक गोष्ट फार वेगळी वाटते. टाळ्या चालू आहेत, पण सामना थांबलेला नाही. पंचांनी शिट्टी वाजवलेली नाही. खाली चेंडूसाठी झटापट चालूच आहे. आपल्याकडे कोणाला श्रद्धांजली वाहायची तर दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळतात. इथं माणूस जिवंत होता आणि त्याला जगायचं होतं. म्हणून शांतता नको, आवाज हवा, आणि खेळ चालू हवा. हे कोणी समिती नेमून ठरवलं असतं तर कदाचित इतकं नेमकं जमलं नसतं.

व्हिलाचे खेळाडू त्या दिवशी दोन गोलांनी मागे पडले, मग तीन मिनिटांत दोन गोल करून बरोबरी साधली, आणि शेवटी ४-२ असे हरले. सिनेमा असता तर जिंकले असते. पण एकोणिसाव्या मिनिटाची ती टाळी मात्र पुढच्या सामन्याला आली, त्याच्या पुढच्यालाही आली, तो हंगाम संपून दुसरा सुरू झाला तरी येत राहिली. कर्णधाराविना व्हिलाचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जाण्याच्या अगदी उंबरठ्यावर पोचला होता. अवघ्या दोन गुणांनी तो वाचला. तेव्हा त्यांचे प्रशिक्षक होते अॅलेक्स मॅकलीश. पेट्रोव्ह ग्लासगोत असताना हेच मॅकलीश सेल्टिकच्या कट्टर वैऱ्याचे, रेंजर्सचे प्रशिक्षक होते. एकेकाळी ज्याला कसं रोखायचं याची आखणी केली, त्याच्याच आजारपणात त्याचा संघ सांभाळायची पाळी त्यांच्यावर आली. खेळाच्या मैदानावरचं वैर किती दिवसांचं असतं, ते यावरून कळावं.

ऑगस्ट २०१२ मध्ये आजार आटोक्यात आल्याची बातमी आली. पण आटोक्यात येणं म्हणजे संपणं नव्हे. उपचार पुढे चालूच राहणार होते, आणि असं औषध अंगात असताना कोणी व्यावसायिक फुटबॉल खेळू शकत नाही. ९ मे २०१३ ला त्यानं निवृत्ती जाहीर केली. तेहतिसाव्या वर्षी. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला ग्लासगोच्या सेल्टिक पार्कवर त्याच्या धर्मादाय संस्थेच्या मदतीसाठी सामना झाला. स्टेडियम गच्च भरलं होतं. सेल्टिकमधले जुने सोबती आले, व्हिलातले आले. ‘वन डिरेक्शन’ या लोकप्रिय गानवृंदातला लुई टॉमलिन्सनही हौसेनं मैदानात उतरला होता. व्हिलाच्या गॅब्रियल अॅगबॉनलाहोरनं त्याला असं काही आडवं घेतलं की बिचाऱ्याला उलटी झाली आणि मैदान सोडावं लागलं. त्या गायकाच्या चाहत्या मुलींनी अॅगबॉनलाहोरला किती शिव्या घातल्या असतील! पण त्या प्रसंगातून मला एक दिसतं. सामना दयेपोटी भरवलेला असला, तरी खेळाडू मैदानात उतरले ते खेळायलाच. पेट्रोव्हच्या नावाचा सामना लुटुपुटूचा करणं, हाच त्यांच्या लेखी अपमान ठरला असता.

हा मुद्दा पुढच्या घटनेत अधिक स्पष्ट होतो, आणि माझ्या मते या साऱ्या कहाणीचं मर्म तिथंच आहे.

पेट्रोव्हला पुन्हा खेळायचं होतं. शरीर सावरू लागल्यावर तो बर्मिंगहॅमच्या वायचॉल वाँडरर्स नावाच्या संघाकडून खेळू लागला. हा पस्तिशी ओलांडलेल्यांचा हौशी रविवारचा संघ. आठवडाभर आपापल्या नोकऱ्या-धंदे करणारी, पोटं सुटू लागलेली माणसं रविवारी बूट चढवून चिखलात उतरतात, तशातला. ज्यानं युरोपच्या अंतिम सामन्यात पोर्तोला तोंड दिलं, तो आता त्यांच्यात. त्याला त्याचा कमीपणा वाटला नाही. बर्गरच्या गाडीवर उभं राहून भाषा शिकलेला माणूस तो, आता आपल्याच शरीराची भाषा पुन्हा पहिल्यापासून शिकत होता.

मग २०१६ च्या उन्हाळ्यात, सदतीस वर्षांचा असताना, त्यानं व्हिलाच्या मुख्य संघाबरोबर हंगामपूर्व सराव सुरू केला. चार वर्षांच्या खंडानंतर व्हिलाची जर्सी घालून सराव सामन्यांत उतरला. लोकांचा जीव गोळा झाला. परीकथेला आता एकच ओळ उरली होती. पण प्रशिक्षक रॉबेर्टो दी मातेओ यांनी विचारांती त्याला करार द्यायचा नाही असं ठरवलं. परतीची वाट तिथं संपली.

तुम्ही म्हणाल, किती कठोर! ज्याच्यासाठी अख्खं मैदान उभं राहिलं, त्याला एक हंगाम दिला असता तर काय बिघडलं असतं? मला नेमकं उलट वाटतं. पेट्रोव्ह परत आला तो खेळाडू म्हणून पारखून घ्यायला. संघाबरोबर त्यानं सारखाच घाम गाळला आणि त्याच्याबद्दलचा निर्णय इतर कोणाही खेळाडूसारखा, खेळ पाहून झाला. एखाद्याला दयेनं संघात घेणं म्हणजे त्याच्या पाठीमागे सगळ्यांनी एकमेकांना डोळ्यांनी खुणावणं. त्यापेक्षा समोरासमोर दिलेला नकार जास्त मानाचा. मान देणं आणि सवलत देणं यांत फरक आहे, आणि तो फरक ज्यानं आयुष्यभर कोणाकडून सवलत घेतली नाही, त्याला सर्वांत आधी कळत असणार.

यानंतरचे दिवस सोपे नव्हते. आजाराशी लढताना शत्रू समोर असतो, डॉक्टर असतात, तारखा असतात. सगळं संपल्यावर सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न मात्र एकट्यानं सोडवावा लागतो. सराव नाही, प्रवास नाही, कपडे बदलायच्या खोलीतली थट्टामस्करी नाही. खेळ सुटल्यावर मन खचल्याची कबुली पेट्रोव्हनं स्वतः उघडपणे दिली आहे. त्यातून पुढे तो आणि व्हिलातला त्याचा जुना सहकारी एमिल हेस्की यांच्यासारखे काही माजी खेळाडू एकत्र आले आणि ‘प्लेअर फोर प्लेअर’ नावाचा उपक्रम उभा राहिला. खेळाडूनं खेळाडूसाठी, असा सरळ अर्थ. बूट खुंटीला टांगल्यावर जी पोकळी येते, त्यातून वाट काढायला मदत करणं हे त्याचं काम. समदुःखी माणूस जेव्हा ‘मला कळतंय’ म्हणतो, तेव्हा ते शब्द वेगळे लागतात. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी पेट्रोव्हनं आपल्या नावाची संस्था काढली होतीच.

सेंट स्टायलियानॉस हा पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेत लहान मुलांचा रक्षणकर्ता मानला जातो, आणि स्टिलियान हे नाव त्याच्यावरूनच आलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘खांब’. खांबाकडे घरात कोणाचं लक्ष नसतं. पाहुणे येतात ते भिंतीवरच्या तसबिरी पाहतात. पण घर बांधलेल्या सुताराला विचारा, तो आधी खांबाला हात लावून पाहील.

आपल्याही ओळखीत, कदाचित घरातही, मोठ्या दुखण्यातून उठून परत आलेलं कोणी असेल. केस पुन्हा उगवलेत, वजन थोडं वाढलंय, कचेरीत पुन्हा हजेरी लागली आहे. आपण काय करतो? हलक्या आवाजात बोलतो. जड काम त्याच्यापर्यंत पोचूच देत नाही. बैठकीत त्याच्या चुकीवर कोणी बोट ठेवत नाही, आणि त्याच्या चांगल्या कल्पनेवर वादही घालत नाही. चहा मात्र आठवणीनं पुढे करतो. यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. पण आपण त्याला बरोबरीच्या रांगेतून उचलून नकळत प्रेक्षकांत नेऊन बसवलेलं असतं. टाळी जरूर वाजवावी, भरपूर वाजवावी. नंतर त्याच्यापुढे फाइल सरकवावी, आणि चुकलं तर भांडावंही.

मला वाटतं, वायचॉल वाँडरर्सच्या त्या पोटं सुटलेल्या मंडळींनी हे फार सहज केलं असावं. रविवारी सकाळी अकरा गडी जमवायचे असतात, हवा थंड असते, मैदान ओलं असतं. अशा वेळी समोरचा माणूस कोण होता आणि कुठून परत आलाय, याचा विचार कोण करत बसतो? तो मोकळा उभा दिसला की त्याच्याकडे चेंडू द्यायचा.